शिस्तीचा शिलेदार : कर्नल हेमू अधिकारी

क्रिकेटच्या सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतो. त्यात फलंदाजांच्या धावा असतात, गोलंदाजांचे बळी असतात, झेल घेणाऱ्याचे नाव असते. इतकेच काय, पंचांची नावेदेखील असतात. एक माणूस मात्र त्या धावफलकात कोठेच सापडत नाही. तो म्हणजे संघाचा व्यवस्थापक. संघ जिंकला तर हार कर्णधाराच्या गळ्यात पडतात आणि संघ हरला तर पहिले बोट व्यवस्थापकाकडे वळते. असे हे काम एखाद्या नामवंत खेळाडूने आपण होऊन अंगावर घ्यावे, ते सैनिकाच्या निष्ठेने पार पाडावे आणि त्यात कीर्तीचे शिखर व अपमानाची दरी या दोन्ही गोष्टी अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने पाहाव्यात, असे क्वचितच घडते. कर्नल हेमू अधिकारी यांच्या आयुष्यात ते घडले. गावसकर आणि कपिल देव यांची नावे आपल्या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात; पण त्यांच्या आधीच्या पिढीतल्या या शिलेदाराची ओळख आज कितीजणांना असेल?

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, म्हणजे १९३६-३७ च्या मोसमात, ते रणजी स्पर्धेत गुजरातकडून प्रथम खेळले आणि त्यानंतर बडोद्याच्या संघात गेले. बडोदा हे त्या काळी क्रिकेटचे मोठे माहेरघर होते. विजय हजारे यांच्यासारखा फलंदाज त्या संघाचा कणा होता. १९४२-४३ आणि १९४६-४७ या दोन्ही मोसमांत बडोद्याने रणजी करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागीदारी केली. तिची कथा आजही जुनी मंडळी रंगवून सांगतात. अशा दिग्गजांच्या सावलीत अधिकारी वाढले. मधल्या फळीत किंवा त्याहूनही खाली फलंदाजीला यायचे, पडझड झाली असेल तर ती सावरायची, वेळ पडल्यास लेगस्पिन टाकायची, आणि कव्हरमध्ये उभे राहून चेंडू वाऱ्याच्या वेगाने अडवायचा, ही त्यांची कामे. त्या काळात आपल्याकडे क्षेत्ररक्षण ही दुय्यम बाब समजली जाई. अधिकारी यांनी मात्र तिला फलंदाजीच्या तोडीचे मानले. पुढे व्यवस्थापक म्हणून त्यांनी जे काही केले, त्याचे बीज येथेच पेरले गेले होते.

नियतीने त्यांच्या वाट्याला एक मोठी प्रतीक्षा वाढून ठेवली होती. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. दुसऱ्या महायुद्धाने एका संपूर्ण पिढीची उमेदीची वर्षे गिळून टाकली. अधिकारी सतरा वर्षांचे होते तेव्हा हे दार बंद झाले, आणि त्यांच्यासाठी ते उघडले तेव्हा त्यांनी अठ्ठाविशी गाठली होती. देश स्वतंत्र होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच ऑस्ट्रेलियाला गेला आणि नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस ब्रिस्बेन येथे अधिकारी यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. समोर ब्रॅडमन यांचा संघ! त्यांनी एकट्यांनी १८५ धावा काढल्या. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले. पदार्पणाचा सामना असा असावा, हे दुर्दैवच म्हणायचे. पण त्याच मालिकेत ॲडलेड येथे हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली, तेव्हा दुसऱ्या डावात त्यांना खंबीर साथ देणारे फलंदाज अधिकारीच होते. त्यांनी ५१ धावा काढल्या. हजाऱ्यांच्या पराक्रमापुढे त्या ५१ धावा कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. पडद्यामागे उभे राहण्याची सवय त्यांना तेव्हापासूनच जडली असावी.

स्वतंत्र भारताच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध झाला. पाहुण्यांनी ६३१ धावांचा डोंगर उभा केला; त्यात त्यांच्या चार फलंदाजांनी शतके ठोकली. त्याला उत्तर देताना अधिकारी यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. त्यांचे कसोटीतील हे एकमेव शतक. भारताचा डाव ४५४ पर्यंत पोहोचला आणि फॉलोऑन मिळूनही सामना अनिर्णित राखता आला.

आपल्या मराठवाड्याच्या वाचकाला जवळचा वाटेल असा प्रसंग ऑक्टोबर १९५२ चा आहे. दिल्लीच्या त्याच मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातला पहिला कसोटी सामना चालू होता. फाळणीच्या जखमा अजून ओल्या होत्या. या सामन्याकडे दोन्ही देशांचे डोळे लागले होते. भारताचे नऊ गडी २६३ धावांत परतले. दहाव्या जोडीला अधिकारी यांच्या साथीला आले गुलाम अहमद. गुलाम अहमद हे हैदराबादचे ऑफस्पिनर. आपले हे शहरही त्या वेळी हैदराबाद राज्यातच होते, हे येथे आठवावे. एक पुण्याचा हिंदू सैनिक आणि एक हैदराबादचा मुसलमान गोलंदाज अशा दोघांनी मिळून पाकिस्तानच्या गोलंदाजांना दाद दिली नाही. शेवटच्या जोडीने १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमद यांनी ५० धावा काढल्या आणि अधिकारी ८१ वर नाबाद राहिले. विनू मंकड यांच्या फिरकीने सामन्यात तेरा बळी घेतले आणि भारताने एक डाव व ७० धावांनी विजय मिळवला. शेवटच्या जोडीचा हा भारतीय विक्रम पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला, तेव्हा अधिकारी हयात नव्हते.

आडनावाने अधिकारी असलेले हेमू पुढे हुद्द्यानेही अधिकारी झाले. भारतीय लष्करात ते लेफ्टनंट कर्नलच्या पदापर्यंत चढले आणि लोक त्यांना कर्नल म्हणूनच ओळखू लागले. त्यांच्या जीवनातला हा धागा विसरून चालणार नाही. आजच्या खेळाडूला वर्षभर खेळाशिवाय दुसरे काम नसते. अधिकारी यांना मात्र लष्कराची नोकरी सांभाळून खेळावे लागे. १९४७ ते १९५९ या बारा वर्षांत त्यांच्या वाट्याला केवळ २१ कसोटी सामने आले. त्यांत त्यांनी ३१ च्या सरासरीने ८७२ धावा काढल्या. आकड्यांच्या बाजारात ही रक्कम फार मोठी नाही. पण सर्व प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा काढल्या, हेही ध्यानात घ्यावे लागते. सेनादलाच्या संघाचे नेतृत्व करताना त्यांनी जे केले, ते तर धावांपेक्षाही मोलाचे होते. मुंबई, बडोदा, होळकर अशा मातब्बर संघांच्या काळात सेनादलाला कोण विचारीत होते? अधिकारी यांच्या हाताखाली हाच संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. एकदा मुंबईने आणि दुसऱ्यांदा त्यांच्या जुन्या बडोद्याने त्यांना हरवले. करंडक हाती लागला नाही. पण नियमित कसरत, चपळ क्षेत्ररक्षण आणि परस्परांवरील विश्वास यांच्या बळावर साधारण ताकदीचा संघ कोठवर जाऊ शकतो, याचा धडा त्यांना मिळाला.

त्यानंतर आला १९५८-५९ चा मोसम. भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील हे एक लाजिरवाणे प्रकरण आहे. वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांच्या आग ओकणाऱ्या गोलंदाजीपुढे आपले फलंदाज हतबल झाले होते. त्याहून वाईट म्हणजे कर्णधारपदाचा खेळखंडोबा झाला. पहिल्या सामन्यात पॉली उम्रीगर कर्णधार होते; दुसऱ्या व तिसऱ्या सामन्यात गुलाम अहमद. कलकत्त्याला एक डाव व ३३६ धावांनी पराभव झाल्यावर गुलाम अहमद बाजूला झाले. मद्रासच्या सामन्यासाठी पुन्हा उम्रीगरांची निवड झाली; पण संघनिवडीवरून मतभेद झाल्याने त्यांनी आयत्या वेळी राजीनामा दिला आणि विनू मंकड यांना उभे करावे लागले. तोही सामना गेला. दिल्लीच्या शेवटच्या कसोटीसाठी आता कोण? निवड समितीला लष्करात काम करणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या अधिकारी यांची आठवण झाली. त्यांनी आधी नकार दिला होता, आणि घरच्यांनी समजूत घातल्यावरच ते तयार झाले, असे क्रिकेटच्या वर्तुळात सांगितले जाते. नकार दिला असेल तर त्यात नवल ते काय? बुडत्या जहाजाचे सुकाणू कोण हौसेने हाती घेईल?

पण एकदा जबाबदारी घेतल्यावर कर्नलसाहेबांनी माघार घेतली नाही. फेब्रुवारी १९५९ मधल्या त्या सामन्यात त्यांनी ६३ आणि ४० धावा काढल्या, आणि आपल्या लेगस्पिनवर तीन बळीही घेतले. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांनी घेतलेले बळी एवढेच! पुण्याचेच चंदू बोर्डे यांनी त्या सामन्यात १०९ आणि ९६ धावा काढून आपले नाव गाजवले. हॉल आणि गिलख्रिस्ट यांना तोंड देऊन भारताने सामना अनिर्णित राखला. चार कर्णधारांच्या त्या मालिकेत शेवट तरी अब्रूने झाला. अधिकारी यांचा तो पहिला कर्णधारपदाचा आणि शेवटचा कसोटी सामना ठरला. पुढच्याच उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या संघाचे नेतृत्व दत्ता गायकवाड यांच्याकडे गेले आणि तो संघ पाचही कसोट्या हरून परतला. अधिकारी यांच्याविषयी एवढे म्हणता येईल की सगळे उपाय थकल्यावर त्यांना हाक मारली जाई आणि काम झाल्यावर त्यांना विसरले जाई.

अशीच हाक त्यांना पुन्हा १९७१ मध्ये आली. अजित वाडेकर यांच्या संघाने नुकतेच वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी १-० असे हरवले होते. सुनील गावसकर नावाच्या तरुणाने त्या मालिकेत ७७४ धावा काढल्या होत्या. आता पुढचा मुक्काम होता इंग्लंड. तिथला आपला इतिहास काय होता? १९३२ पासून तेथे भारताने १९ कसोट्या खेळल्या होत्या. त्यांपैकी १५ हरलो होतो, चार अनिर्णित राहिल्या होत्या, विजय एकही नव्हता. शिवाय इंग्लंडचा संघ त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला त्यांच्या भूमीवर हरवून आला होता. या दौऱ्यासाठी व्यवस्थापक म्हणून कर्नल अधिकारी यांची नेमणूक झाली.

त्या काळी व्यवस्थापकाचे काम म्हणजे हॉटेलची बिले चुकती करणे, समारंभात भाषणे करणे आणि सामानाची मोजदाद ठेवणे, अशी समजूत होती. आजच्यासारखे फलंदाजीचा एक, गोलंदाजीचा एक, क्षेत्ररक्षणाचा एक असे प्रशिक्षक संघाबरोबर नसत. अधिकारी यांनी ही सारी कामे एकट्याने अंगावर घेतली. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात ते हजारे यांच्या संघाचे उपकर्णधार होते. मँचेस्टरला एकाच दिवसात ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झालेल्या संघात ते स्वतः होते. थंड हवेत बोटे बधिर होतात, ढग आले की चेंडू हवेत वळतो, ही विद्या त्यांनी पराभवाची किंमत देऊन मिळवली होती. त्यांचा भर होता तो कसरतीवर आणि झेलांच्या सरावावर. कारण उघड होते. आपल्याकडे जलद गोलंदाज नव्हते; बेदी, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांवर सारी भिस्त होती. फिरकीला बळी मिळतात ते बहुधा बॅटीच्या जवळ उडालेल्या झेलांवर. तो झेल सुटला की गोलंदाजाची सारी कारागिरी वाया जाते. एकनाथ सोलकर, वाडेकर, अबीद अली आणि स्वतः वेंकटराघवन यांचे फलंदाजाभोवतीचे कडे म्हणूनच मोलाचे होते. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचा मुलगा असलेला सोलकर शॉर्टलेगला हात लांबवून उभा राहिला की इंग्रज फलंदाजांना धडकी भरे.

लॉर्ड्स आणि मँचेस्टर येथील दोन्ही सामने पावसाच्या कृपेने म्हणा की अवकृपेने म्हणा, अनिर्णित राहिले. निर्णायक सामना ओव्हलवर होता. इंग्लंडच्या ३५५ धावांना भारताने २८४ धावांनी उत्तर दिले. ७१ धावांची पिछाडी. मग चंद्रशेखर यांच्या हाती चेंडू आला आणि पाहता पाहता इंग्लंडचा दुसरा डाव अवघ्या १०१ धावांत कोसळला. चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले. ॲलन नॉटचा सोलकरने जमिनीवर झेपावून घेतलेला झेल छायाचित्रांतून अजरामर झाला आहे. विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवशी वाडेकर सुरुवातीलाच धावबाद झाले. पण सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनियर यांनी धीर सोडला नाही. २४ ऑगस्ट १९७१ रोजी हैदराबादच्या अबीद अली यांनी विजयाचा फटका मारला आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली. गणेशोत्सवाचे दिवस होते, आणि काही उत्साही मंडळींनी बेला नावाची हत्तीण त्या दिवशी ओव्हलच्या मैदानावर आणली होती! संघ परतला तेव्हा मुंबईत त्याचे प्रचंड स्वागत झाले. इंदूरला तर विजयाचे स्मारक म्हणून एक भव्य सिमेंटची बॅट उभारण्यात आली.

येथेच ही कथा संपली असती तर ती एखाद्या बोधकथेत शोभली असती. पण इतिहास इतका दयाळू नसतो. १९७४ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ पुन्हा इंग्लंडला गेला. कर्णधार तेच वाडेकर, व्यवस्थापक तेच अधिकारी, बेदी, चंद्रा, गावसकर, सोलकर हेही तेच. निकाल मात्र ३-०. लॉर्ड्सवर आपला दुसरा डाव केवळ ४२ धावांत संपला आणि एक डाव व २८५ धावांनी पराभव झाला. ४२ ही नीचांकी धावसंख्या पुढे ४६ वर्षे, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला ३६ धावांत बाद होईपर्यंत, भारतीय क्रिकेटच्या कपाळावर राहिली. संघात एकोपा उरला नव्हता. मैदानाबाहेरच्या अप्रिय घटनांनीही दौरा गाजला. ज्या लोकांनी इंदूरची बॅट उभारली, त्याच गावात तिला काळे फासले गेले. वाडेकर यांची कारकीर्द संपली, आणि कर्नलसाहेबांच्या शिस्तीचीही टवाळी झाली.

आता प्रश्न असा पडतो की १९७१ चा विजय अधिकारी यांच्या शिस्तीचा असेल, तर १९७४ चा पराभव कोणाचा? आणि १९७४ च्या पराभवात त्यांचा दोष असेल, तर १९७१ चे श्रेय त्यांना नाकारायचे कसे? पहाटे उठवून मैदानाभोवती धावायला लावणारा माणूस तोच होता. बदलली होती ती मने आणि हवामान. मला वाटते, उत्तर त्यांच्या सबंध आयुष्यातच आहे. शिस्तीने संघाला सज्ज करता येते. झेल हाताशी आला तर तो सुटू नये, एवढी तयारी शिस्त करून देते. चंद्रशेखर यांच्या मनगटातली जादू शिस्तीने निर्माण होत नाही, आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या माणसांत शिस्त स्नेह पेरू शकत नाही. म्हणून शिस्त निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. ओव्हलवर चंद्राने जादू केली, त्या दिवशी तिचे सोने करणारे हात तयार नसते तर १०१ चा आकडा फळ्यावर लागलाच नसता. यश मागून मिळत नाही, पण ते दाराशी आले असता आपण झोपेत असू नये, एवढे तरी आपल्या हाती असते.

४२ च्या नामुष्कीनंतर दुसरा एखादा माणूस रुसून घरी बसला असता. अधिकारी यांनी मैदान सोडले नाही. होतकरू खेळाडूंच्या शिबिरांत ते तरुणांना घडवीत राहिले. कपिल देव आणि रवी शास्त्री यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या करड्या नजरेखालून गेले आहेत. १९८३ मध्ये कपिलच्या संघाने लॉर्ड्सवर, त्याच ४२ धावांच्या मैदानावर, विश्वचषक उंचावला. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही कर्नल अधिकारी यांचे नाव धावफलकात नव्हते. असण्याचे कारणही नव्हते.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या शहराला छावणीची परंपरा आहे आणि महाविद्यालयांना एन. सी. सी. ची. पहाटेच्या कवायतीचा कंटाळा कोणाला येत नाही? तसेच क्रीडास्पर्धा, गॅदरिंग, वार्षिक अंक अशी कामे पार पाडणारे काही हात दरवर्षी असतात, ज्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत येत नाही. असे हात कोणत्याही संस्थेचा खरा आधार असतात. २१ कसोट्यांत ८७२ धावा काढणारे फलंदाज पुष्कळ झाले आणि होतील. परंतु हाक आली की उठायचे, नेमून दिलेले काम चोख करायचे, यशाने शेफारायचे नाही आणि अपयशाने पळायचे नाही, हा कित्ता गिरवणारे थोडे. विद्यार्थी मित्रांनो, त्या थोड्यांमध्ये कर्नल हेमू अधिकारी यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.